क्लाउड गेमिंग खरंच चालतं का? पोरगं म्हणतंय पीसी नको, मशीन तिकडंच असतं

सातारकर_७८

मंडळी नमस्कार, गेमिंगमधलं मला फारसं कळत नाही म्हणून इथं विचारतोय, हसू नका. पोरगं अकरावीला आहे, दोन वर्षं गेमिंग पीसी पाहिजे म्हणून मागं लागलं होतं, दुकानात विचारलं तर ग्राफिक कार्ड धरून ऐंशी-नव्वद हजारांचं कोटेशन आलं. मी म्हटलं दहावीचा निकाल बघू, मग निकाल चांगला लागला आणि माझी पंचाईत झाली. तर आता अचानक तोच म्हणायला लागलाय की बाबा पीसी नकोच, आपला जुना लॅपटॉप चालेल, महिन्याला थोडे पैसे भरायचे, गेम तिकडं सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडं नुसतं चित्र येतं. क्लाउड गेमिंग म्हणतात म्हणे.

आता पोरगं स्वतःहून स्वस्त पर्याय सांगतंय म्हटल्यावर बापाला संशय येणारच ना.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, इलेक्ट्रॉनिक्स नाही पण वायरमधनं काय कसं जातं एवढं समजतं. हे माझ्या डोक्यात बसत नाही. पोरानं इथं बटण दाबलं, ते मुंबईला नाहीतर कुठं सिंगापूरला गेलं, तिथल्या मशीननं चित्र काढलं, त्याचा व्हिडिओ बनवला, तो परत साताऱ्यात आला आणि हे सगळं गोळी लागायच्या आत? आमच्याकडं रात्री नऊला क्रिकेट मॅच लावली तर शेजाऱ्याकडं सिक्स आधी बसतो आणि आमच्याकडं बॉलर अजून पळतच असतो. मग गेम कसा चालणार? का नुसतं पहिला महिना फुकट देऊन गंडवायचा धंदा आहे? नेट १०० एमबीपीएसचं आहे, लोकल केबलवाल्याचं फायबर. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागं, पोराची खोली वरच्या मजल्यावर.

कुणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर सांगा.

नेटवाला

दादा, शंका एकदम रास्त आहे आणि ही शंका घेणारे तुम्ही पहिले नाही. मार्च २००९ ला सॅन फ्रान्सिस्कोत गेम डेव्हलपरांची परिषद असते तिथं ऑनलाइव्ह नावाच्या कंपनीनं हाच प्रकार दाखवला होता, तेव्हा भलेभले जाणकार म्हणाले होते की हे होणंच शक्य नाही, आणि त्यांची कारणं जवळपास तुमचीच होती. सर्व्हिस जून २०१० ला अमेरिकेत सुरू झाली. म्हणजे चालली. आणि एप्रिल २०१५ ला बंद पडली, पेटंटं सोनीनं घेतली. चालली पण टिकली नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, टिकण्याचं कुणीतरी दुसरं लिहील, मी चालण्याचं सांगतो कारण माझी रोजीरोटी नेटवर्कची आहे.

तुमच्या क्रिकेटच्या उदाहरणापासनंच सुरू करू. मॅच उशिरा दिसते ती वायर लांब आहे म्हणून नाही. मॅच दाखवणारे मुद्दाम काही सेकंदांचा माल आधीच तुमच्या टीव्हीत भरून ठेवतात, मध्ये नेट अडखळलं तरी चित्र थांबू नये म्हणून. पाण्याच्या टाकीसारखं. गेममध्ये ही टाकी ठेवताच येत नाही कारण पुढचं चित्र काय असेल हे तुमच्या पोरानं बटण दाबेपर्यंत ठरलेलंच नसतं. म्हणजे थेट नळाला तोंड लावून पाणी प्यायचं. म्हणून मॅच नीट दिसते याच्यावरनं गेम चालेल असं म्हणता येत नाही आणि मॅच उशिरा दिसते याच्यावरनं गेम चालणार नाही असंही म्हणता येत नाही.

आता १०० एमबीपीएस. हा आकडा सगळे सांगतात पण इथं तो फार कामाचा नाही. हायवे चार पदरीचा सहा पदरी केला म्हणून सातारा आणि पुणे जवळ येत नाहीत, एकावेळी जास्त गाड्या जातात एवढंच. गेमला महत्त्वाचं आहे की एक गाडी जाऊन परत यायला किती वेळ, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोज तेवढाच वेळ का कधी खंबाटकी घाटात अडकून तिप्पट. पहिल्याला पिंग म्हणतात, दुसऱ्याला जिटर. जिटर हा खरा शत्रू. पिंग कायम ४० असला तर हात सवय करून घेतो, पण एकदा १५, एकदा ९०, परत २० असं झालं की डोकं फिरतं.

अंतराचं गणित सोपं आहे. फायबरमधनं उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. साताऱ्याहून मुंबईपर्यंत वायर ३०० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन ६००, म्हणजे ३ मिलिसेकंद. मधली उपकरणं, केबलवाल्याचं वळसे घेणं वगैरे धरून प्रत्यक्षात १०-२० येतं. सिंगापूर धरलं तर साठ-सत्तरच्या पुढं. अमेरिका दोनशेच्या आसपास, तो विषय सोडूनच द्या. म्हणून पहिला प्रश्न पोराला हा विचारा की सर्व्हर कुठं आहे. डेटा सेंटरांची मोठी दाटी नवी मुंबईत आहे, ऐरोली, महापे, रबाळे त्या पट्ट्यात. सर्व्हर तिथं असेल तर तुमचं अंतर काहीच नाही.

मग उरलेला वेळ कुठं जातो? ६० फ्रेमच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांच्या गेममध्ये एक चित्र १६.७ मिलिसेकंदाचं असतं. ते चित्र दाबायचं काम मोठं आहे, फुल एचडीची कच्ची चित्रं सेकंदाला ६० पाठवायची तर जवळपास ३ जीबीपीएस लागतील आणि येतात २५ एमबीपीएसमध्ये, म्हणजे साधारण १२० पट दाबून. हे ग्राफिक कार्डातली वेगळी चिप काही मिलिसेकंदात करते, त्यातलं आश्चर्य आता संपलंय. फक्त सिनेमा दाबताना पुढची चित्रं बघून ठरवता येतं, इथं पुढचं चित्र नसतंच, त्यामुळं गवत, पाऊस, अंधारी गुहा असलं आलं की चित्र थोडं लापशीसारखं होतं. तुमच्याकडं लॅपटॉप ते उलगडणार आणि मग स्क्रीन. टीव्हीवर खेळणार असाल तर गेम मोड चालू करा, नाहीतर टीव्ही स्वतःच चित्र सुंदर करत बसतो आणि त्यात सर्व्हरच्या प्रवासापेक्षा जास्त वेळ खातो.

आणि तुमचा हॉलमधला राउटर टीव्हीच्या मागं आणि पोरगं वर, हे वाचूनच मला कळलं की पैसे भरल्यावर दुसऱ्या दिवशी "चालत नाही" म्हणून येणार. मुंबईपर्यंतचे ३०० किलोमीटर परवडले, शेवटचा जिना परवडत नाही.

कंटाळा_आला

वरचे सगळं बरोबर पण दादा सोप्यात सांगू का, व्हॅलोरंट (गोळ्या झाडायचा ऑनलाइन गेम) खेळत असेल तर विसरा, बाकी चालतंय. मी दोन सर्व्हिसा ट्राय केल्यात, रेसिंग मस्त, फुटबॉल ओके, फायटिंग गेम अजिबात नाही. आणि मोबाइल डेटावर अजिबात करू नका, रोजचा २ जीबी बारा मिनिटांत गायब होतो मजाक नाही

नेटवाला

@कंटाळा_आला बारा नाही, साधारण अकरा 🙂 २५ एमबीपीएसनं तासाला ११ जीबीच्या वर जातं. घरच्या फायबरला महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते बहुतेक ठिकाणी, त्यात तीनशेच्या आत-बाहेर तास बसतात, तेवढं कुणी खेळत नाही. अकरावीत तर नकोच.

न्यूजर्सीकर

मी इकडं अमेरिकेत आहे, गूगलची क्लाउड गेमिंगची सर्व्हिस स्टेडिया पहिल्या दिवसापासनं शेवटच्या दिवसापर्यंत वापरलंय, म्हणजे १९ नोव्हेंबर २०१९ ते १८ जानेवारी २०२३, त्यामुळं लिहितोच. (भारतात ते कधी आलंच नाही, १४ देशांत सुरू झालं होतं.)

चालायचं का? तर उत्तम चालायचं. लोकांना वाटतं तांत्रिक बाजूनं फसलं म्हणून बंद झालं, तसं नव्हतं हो. डिसेंबर २०२० ला सायबरपंक नावाचा मोठा गेम आला तेव्हाचं आठवतंय, जुन्या प्लेस्टेशनवर त्याची एवढी वाईट अवस्था होती की सोनीनं तो स्वतःच्या दुकानातनं काढून टाकला, पैसे परत दिले, आणि मी त्याच आठवड्यात एका जुन्या क्रोमबुकवर क्रोमच्या टॅबमध्ये तोच गेम आरामात खेळत होतो. ७०-८० जीबीचं डाउनलोड नाही, पॅच नाही, क्लिक केलं की शहर समोर. बायको म्हणाली हे जर एवढं सोपं आहे तर लोक तो मोठा डबा का विकत घेतात. मला उत्तर सुचलं नव्हतं. दोन वर्षांनी गूगलनंच दिलं.

त्यांचं चुकलं कुठं तर गेम परत पूर्ण किमतीला विकत घ्यायला लावले, आणि ते गेम फक्त त्यांच्याकडंच चालणार. म्हणजे तुमच्याकडं डबाही नाही, डिस्कही नाही, फाइलही नाही. त्यात त्यांची स्वतःची गेम बनवणारी टीम फेब्रुवारी २०२१ लाच बंद केली, तेव्हाच शहाण्यांनी ओळखलं. २९ सप्टेंबर २०२२ ला जाहीर केलं की बंद करतोय. एक मानायला पाहिजे, गेमचे आणि त्यांच्या दुकानातनं घेतलेल्या हार्डवेअरचे पैसे सगळे परत केले, आणि कंट्रोलरला ब्लूटूथ सुरू करून दिलं म्हणून तो अजून चालतो, पोरगी त्याच्यावर माइनक्राफ्ट खेळते.

आणि हो, "निगेटिव्ह लेटन्सी" आठवतंय का कुणाला? स्टेडियाच्या इंजिनीअरिंगचा प्रमुख २०१९ ला म्हणाला होता की वर्ष-दोन वर्षांत आमचा गेम घरच्या मशीनपेक्षाही चपळ वाटेल, तुम्ही कुठलं बटण दाबणार हे आम्ही आधीच ओळखू. म्हणजे चहा मागायच्या आत चहा. आमच्या घरी हे फक्त आईला जमायचं.

रेट्रो_राजा

वर सगळे "चालतं चालतं" म्हणतायत म्हणून मी उलट बाजू मांडतो. मला वाटतं धंदा म्हणून हे चालणं अवघड आहे आणि त्याचं कारण पिंग नाहीच.

सिनेमा दाखवणाऱ्यांचं बघा, एक सिनेमा एकदा दाबून ठेवला की तीच फाइल लाख लोकांना वाढता येते. एका पातेल्यातली आमटी. गेममध्ये प्रत्येक खेळणाऱ्याला स्वतंत्र स्वयंपाक, प्रत्येकाला ग्राफिक कार्डाचा स्वतःचा वाटा द्यावाच लागतो, आणि तोही जेव्हा पाहिजे तेव्हा ताबडतोब. आता लोक खेळतात कधी? रात्री आठ ते बारा आणि रविवारी. म्हणजे कंपनीला यंत्रं घ्यायची ती शनिवार रात्रीच्या गर्दीएवढी आणि मंगळवारी सकाळी अकराला ती नुसती गरम होत बसणार. तुम्ही म्हणाल की भारतात रात्र असते तेव्हा अमेरिकेत सकाळ, तिकडची रिकामी यंत्रं वापरा. पण तीच तर गोम आहे, वर नेटवाला यांनी सांगितलं तसं तिकडचा पिंग दोनशे. जवळचंच यंत्र लागतं आणि जवळचे सगळे एकाच वेळी जेवून बसतात खेळायला.

पुरावा पाहिजे तर एन्व्हिडियाच्या जीफोर्स नाऊ या क्लाउड गेमिंग सर्व्हिसचे नियम वाचा. फुकटवाल्याला रांगेत उभं करतात आणि तासाभरानं उठवतात. पैसे भरणाऱ्यालाही २०२५ पासनं महिन्याला १०० तासांची मर्यादा, आणि एका बैठकीला सहा किंवा आठ तास. ग्राफिक कार्ड जी कंपनी स्वतः बनवते तिलाच जर मोजून-मापून वाढावं लागत असेल तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

सातारकर_७८

@रेट्रो_राजा अहो हे तर आमच्या लाइनमधलं निघालं! हे पीक लोड आहे. महावितरणचंही हेच, संध्याकाळी सगळ्या घरात एकदम दिवे, मिक्सर, मोटर सुरू होणार आणि त्या तीन-चार तासांसाठी वर्षभर क्षमता उभी ठेवायची. फक्त विजेला चंद्रपूरहून ओढून आणता येतं, लांबनं आली म्हणून बल्ब उशिरा लागत नाही. यांना चंद्रपूर नाही. आता डोक्यात बसलं.

मग पोराला महिन्याला काही शेकड्यात हे कसं परवडतंय देणाऱ्याला? उरलेल्या वेळात ती यंत्रं करतात काय?

मानसी_के

त्याचंच उत्तर बदललंय इतक्यात. रेट्रो_राजा म्हणतात ते ऑनलाइव्हच्या काळात शंभर टक्के खरं होतं, तेव्हा गेम चालवायचं कार्ड दिवसा दुसऱ्या कुठल्याच कामाचं नव्हतं. आता ज्यांच्याकडं क्लाउडचा मोठा धंदा आधीच आहे त्यांना दिवसा ती कार्डं दुसऱ्या कामाला लावता येतात, थ्रीडी रेंडरिंग, व्हिडिओ, एआयचं फुटकळ काम. सगळीच नाही, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमध्ये तर खरोखरच एक्सबॉक्सचंच हार्डवेअर बसवलेलं असतं, त्याचा दुसरा उपयोग मर्यादित. पण म्हणूनच बघा, नुसतं गेम स्ट्रीमिंग करायला निघालेली स्वतंत्र कंपनी जवळपास एकही मोठी उरली नाही. ऑनलाइव्ह बुडाली. गायकाई होती, ती २०१२ ला सोनीनं ३८ कोटी डॉलरला घेतली आणि तिच्यातनंच प्लेस्टेशन नाऊ निघालं. उरलेत ते सगळे ज्यांचं पोट दुसऱ्या कशावर तरी भरतं. सोनी, मायक्रोसॉफ्ट, एन्व्हिडिया, ॲमेझॉन. हे त्यांच्यासाठी दुकानासमोरची पाणपोई आहे, पाणपोईवर कुणी दुकान चालवत नाही.

आणि हे फालतू आहे असं समजू नका हं. २०२३ ला मायक्रोसॉफ्ट ॲक्टिव्हिजन ही गेम बनवणारी कंपनी विकत घेत होतं, गेमच्या इतिहासातला सर्वात मोठा सौदा, तो ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं एप्रिलमध्ये अडवला आणि कारण काय दिलं तर क्लाउड गेमिंग. कन्सोल नाही, क्लाउड! म्हणाले जगातलं ६० ते ७० टक्के क्लाउड गेमिंग आधीच तुमच्याकडं आहे. शेवटी ॲक्टिव्हिजनच्या तेव्हाच्या आणि पुढच्या १५ वर्षांत येणाऱ्या गेमचे क्लाउडवर दाखवायचे हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला विकले तेव्हा ऑक्टोबरमध्ये सुटका झाली. म्हणजे ज्या धंद्याला आपण इथं "चालणार का" म्हणतोय त्याच्यासाठी एवढी मारामारी झाली.

रेट्रो_राजा

नियामक घाबरला म्हणजे धंदा फायद्यात आहे असं होत नाही मानसीताई. पण पाणपोईचं मान्य. उलट माझाच मुद्दा तुम्ही मांडलात, पाणपोई मालकाच्या मर्जीवर असते. उन्हाळा संपला की माठ आत.

मला यातलं मूळ दुखणं वेगळंच वाटतं. माझ्याकडं ९७-९८ सालची सीडी आहे, ओरखडे पडलेत पण अजून चालते, पोरांना खेळून दाखवली. क्लाउडवरचा गेम तुमच्या नातवाला काय दाखवणार? पैसे परत मिळाले ते स्टेडियाच्या वेळी गूगलच्या खिशात होते म्हणून. २०२० ला जीफोर्स नाऊ सुरू झाल्या झाल्या ॲक्टिव्हिजननं आणि बेथेस्डानं आपले गेम काढून घेतले, म्हणजे लोकांनी स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) पैसे देऊन घेतलेला गेम, पण तो कुठल्या भाड्याच्या मशीनवर चालवायचा हे गेमवाली कंपनी ठरवणार.

न्यूजर्सीकर

पण तो गेम स्टीमवर राहिला ना त्यांचा. स्टेडियात आणि याच्यात हाच फरक आहे. गेम तुमचा, फक्त मशीन भाड्याचं, हे मॉडेल मला पटतं. उद्या भाडं बंद करा, पीसी घ्या, गेम तसाच खाली उतरवा. दादांनी पोराला घेऊन द्यायचंच असेल तर अशाच ठिकाणी द्या. एन्व्हिडियानं जानेवारी २०२५ ला लास वेगासला जीफोर्स नाऊ भारतात आणणार म्हणून नाव घेतलंच होतं.

कंटाळा_आला

ते सगळं सोडा, मी परत विचारतो, पोरगं खेळतंय काय?? हे कुणी विचारलंच नाही अजून

सातारकर_७८

विचारलं. व्हॅलोरंट. आणि मित्रांबरोबर फुटबॉल. आणि एक कुठलातरी मोठा गेम आहे ज्यात घोड्यावरनं नुसतं हिंडत असतो, तो त्यानं युट्यूबवर दुसरं कुणीतरी खेळताना बघितलाय, स्वतः कधी खेळला नाही. हे ऐकून मला जरा वाईट वाटलं खरं.

नेटवाला

हाहा, कंटाळा यांनी बरोबर विचारलं, माफ करा, आम्ही वायरीच मोजत बसलो.

व्हॅलोरंटला क्लाउड लागतच नाही. तो गेम मुद्दाम हलका बनवलाय, जुन्या इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवरही कमी सेटिंगला चालतो. आणि त्याचं अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोज सुरू होतानाच अगदी मुळाशी जाऊन बसतं, भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर ते बसूच देत नाही. म्हणजे तिथं ते चालवायचा प्रश्नच येत नाही. त्याचे सर्व्हर मुंबईत आहेत, तुमच्या जुन्या लॅपटॉपवरच वायर लावून खेळू दे.

घोडेवाला गेम मात्र क्लाउडसाठी एकदम योग्य. त्याचं कारण गमतीचं आहे. असले मोठे ३० फ्रेमचे गेम घरच्या कन्सोलवरही बटण दाबल्यापासनं स्क्रीनवर दिसेपर्यंत १०० मिलिसेकंद किंवा जास्त घेतात, घोडा तसाही सावकाश वळतो. त्यात ३०-४० अजून वाढले तर कुणाला कळत नाही. २००९ ला ज्यांनी "अशक्य" म्हटलं त्यांचा एक अंदाज इथं चुकला, घरच्या मशीनवर सगळं तत्क्षणी होतं असं आपण धरून चालतो, तसं ते कधीच नव्हतं.

पैसे भरण्याआधी एक प्रयोग करा, फुकट आहे. तुमच्या ओळखीत कुणाकडं गेमिंग पीसी आहे का? त्याच्यावर सनशाइन नावाचं सॉफ्टवेअर टाका, तुमच्या लॅपटॉपवर मूनलाइट नावाचं टाका. दोन्ही फुकट. हे म्हणजे छोटं क्लाउड गेमिंगच, सर्व्हर फक्त मित्राच्या घरी. आधी एकाच घरात एका राउटरवर चालवून बघा. तिथंच अडखळलं तर दोष तुमच्या वायफायचा, मग मुंबई-सिंगापूरची चर्चा सोडून द्या. आणि हो, मोजताना रात्री साडेनऊला मोजा, सकाळी सगळ्यांचंच नेट देखणं असतं.

सातारकर_७८

आठ दिवसांनी लिहितोय, दुकानात कामाची गर्दी होती.

केला प्रयोग. माझ्या चुलतभावाकडं शाहूपुरीत पीसी आहे, त्याच्या पोरानं सगळं टाकून दिलं. आधी त्याला पीसी उचलून आमच्याकडंच आणायला लावला (भावजय म्हणाली काय लग्न आहे का). वरच्या खोलीत वायफायवर लावलं तर फुटबॉलमध्ये खेळाडू मध्येच गोठायचा आणि एकदम चार पावलं पुढं दिसायचा. नेटवाला यांनी सांगितलेला पिंग बघितला, घरातल्या घरात ३, ४, ६०, ५, १२०. मी म्हटलं हे काय, आपल्याच जिन्यात घाट लागला. मग दुकानातनं वायर आणली, जिन्यातनं नुसती लोंबती टाकली वरपर्यंत, आणि लावल्यावर १ वर आला, हलेचना. खेळ एकदम लोण्यासारखा. लॅपटॉप तोच बरं का, आठ वर्षांचा, साधा पंखापण जोरात फिरला नाही. माझा विश्वास बसला नसता कुणी सांगितलं असतं तर.

मग पीसी परत त्यांच्या घरी आणि तिथनं इंटरनेटवरनं. इथं एक दिवस वाया गेला, दोन्हीकडच्या केबलवाल्यानं म्हणे एकच पत्ता बऱ्याच घरांत वाटलेला असतो, त्यामुळं बाहेरनं आत येताच येत नाही. शेवटी पोरांनी टेलस्केल का काय टाकलं, मग लागलं. दुपारी १८ पिंग. दोन घरात अंतर दोन किलोमीटर पण नाही, १८ कसा हे नेटवाला यांनी सांगावं. रात्री साडेनऊला २० ते ३०, एकदा बायकोच्या मोबाइलचे लग्नातले फोटो वर चढत होते तेव्हा २०० वर गेला आणि पोरगं वरनं ओरडलं.

फुटबॉल त्याला दुपारी चाललं. रात्री म्हणाला "बाबा पास जरा मागनं येतोय, पण चालेल." घोडा मात्र त्यानं रविवारी सलग तीन तास हिंडवला. मी पण थोडा वेळ घेतला, पडलो नदीत.

नेटवाला

वा दादा, एवढी चाचणी आमच्या ऑफिसात कुणी करत नाही!

दोन किलोमीटरला १८ कारण तुमच्या दोघांचे केबलवाले वेगळे असणार, ते साताऱ्यात एकमेकांना भेटतच नाहीत, माल पुण्याला नाहीतर मुंबईला जातो आणि तिथनं परत येतो. शेजारच्या गल्लीत जायला मुंबई फिरून. म्हणजे गंमत अशी की मुंबईतला सर्व्हर तुम्हाला चुलतभावापेक्षा जवळ आहे. तुम्हाला जे १८ मिळालं त्यापेक्षा वाईट सहसा मिळणार नाही.

फोटोंचं दुखणं राउटरचं. वर चढणारा माल रांग अडवून धरतो आणि पोराच्या बटणाचं इवलंसं पाकीट त्याच्या मागं उभं राहतं. राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस (कुणाचा माल आधी सोडायचा ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडला खऱ्या वेगाच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांची मर्यादा घाला. नसेल तर वहिनींना फोटो झोपताना चढवायला सांगा, स्वस्त उपाय.

रेट्रो_राजा

हरलो म्हणत नाही पण चाचणी आवडली. तरी सांगतो, वर्षभराचे पैसे एकदम भरू नका, महिन्या-महिन्यानंच घ्या. आणि गेम स्टीमवर.

सातारकर_७८

तसंच ठरवलंय. आधी दोन महिने. ती लोंबती वायर बायकोनं काढायला लावलीय, येणारा-जाणारा अडकतो म्हणून. आता भिंतीतनं नेतो. कॅट ६ ची (नेटची) बाहेरची वायर विजेच्या वायरीबरोबर एकाच कंड्युटमधनं नेली तर चालते का हो, का वेगळा पाइप टाकू? स्लॅबमधला जुना पाइप रिकामा आहे पण त्यात एक फेज गेलीय.

नेटवाला

अजिबात नको दादा, तुम्हाला मी काय सांगायचं. वेगळा पाइप, आणि फेजपासनं अर्धा-एक फूट लांबनं न्या.